एकाच बाजूचा जमाखर्च

जून महिना लागला, बाजारात लोणच्याच्या कैऱ्या दिसू लागल्या, की आमच्या घराची सियागंजास एक फेरी ठरलेली असते. मोहरीची डाळ, मेथ्या, हिंग आणि हळद सियागंजातूनच यावी, हा आमच्या मातोश्रींचा दंडक होता. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. पण तो दंडक मोडण्याचे धैर्य घरात अद्याप कोणास झालेले नाही. इंदूर आता ओळखू येऊ नये इतके पसरले आहे. मसाले घरबसल्या पाकिटातून येतात. तथापि स्टेशनाजवळच्या या ठोक बाजारात पाऊल टाकावे, मिरचीच्या खकाण्याने नाकाडोळ्यांतून पाणी यावे, पोत्यांनी लादलेली हातगाडी अंगावर आली म्हणून कोणाच्या तरी पायरीवर चढून उभे राहावे, की आपण अजून आपल्याच गावात आहोत अशी खात्री पटते.

ज्या दुकानी आम्ही जातो तेथे आता तिसरी पिढी गादीवर बसते. हिशेब संगणकावर होतो; पण लाल कापडी पुठ्ठ्यांच्या जुन्या वह्या मागच्या फडताळात अजून रचून ठेवलेल्या आहेत. या खेपेस तेथे रामबागेकडील एक परिचित सद्गृहस्थ भेटले. पंचवीस जूनच्या निमित्ताने वर्तमानपत्रांत आणीबाणीचे स्मरण चालू होते, त्यावरून गोष्ट निघाली. सद्गृहस्थ म्हणाले, "काही म्हणा, त्या दीड-दोन वर्षांत देशाला शिस्त होती. गाड्या वेळेवर, कचेऱ्या वेळेवर, दुकानावर भावाची पाटी. आणि हे मी म्हणत नाही. खुशवंतसिंगांसारखा कोणाची भीड न बाळगणारा लेखक जन्मभर तेच म्हणत आला. तो काय वेडा होता?"

गादीवरचा तरुण ऐकत होता. त्याचा जन्म आणीबाणीनंतर वीस-बावीस वर्षांनी झालेला. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "माट्साब, तुम्ही तर तेव्हा होतात. खरे काय होते?"

मी लोणच्याच्या मसाल्याची यादी पुढे केली आणि विषय टाळला. घरी आल्यावर त्या टाळण्याची लाज वाटली. ज्याने ते दिवस पाहिले त्याने तरुणांस उत्तर द्यावयाचे नाही, तर कोणी द्यावयाचे? सबब दुकानात न दिलेले उत्तर येथे लिहीत आहे.

प्रथम खुशवंतसिंगांविषयी. त्यांना वेड्यात काढून हा प्रश्न सुटणार नाही. ते मुंबईस बोरीबंदरसमोरच्या कचेरीतून 1969 पासून 1978 पर्यंत 'इलस्ट्रेटेड वीकली' चालवीत होते, आणि इंग्रजी वाचणाऱ्या आपल्या कित्येक घरांत ते साप्ताहिक येत असे. 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि त्यांनी तिला पाठिंबा दिला. पुढे 1980 ते 1986 ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. त्यांचे स्तंभ देशभरच्या पत्रांतून अखेरपर्यंत छापले जात. 2014 साली वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी ते वारले, तोपर्यंत त्यांनी आपला शब्द मागे घेतला नाही. आपण आणीबाणीला पाठिंबा का दिला, अशा अर्थाच्या मथळ्याचा त्यांचा लेखसंग्रहच 2009 साली निघाला. हाच गृहस्थ 1984 साली सुवर्णमंदिरात लष्कर शिरल्यावर पद्मभूषण परत करून मोकळा झाला होता. तेव्हा हा लाचार मनुष्य होता असे मी म्हणणार नाही. लाचाराने केलेला बचाव एका वाक्यात उडवता येतो. निर्भय माणसाने केलेला बचाव तपासावा लागतो.

ते एकटेही नव्हते. 'मार्मिक'कार बाळासाहेब ठाकरे यांनी आणीबाणीस उघड पाठिंबा दिला होता. पवनारला मौनात असलेल्या विनोबांच्या नावावर 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द सरकारने भिंतीभिंतीवर रंगवले. अनुशासन आचार्यांचे आणि शासन सत्तेचे, असा भेद विनोबांना अभिप्रेत होता असे त्यांचे अनुयायी पुढे सांगत राहिले. पण भिंतीवर खुलासे रंगवीत नाहीत. ही माणसे साधी नव्हती. म्हणून त्यांचे म्हणणे नीट मांडून मगच उत्तर दिले पाहिजे.

खुशवंतसिंगांचे म्हणणे थोडक्यात असे. 1974 साली रेल्वेचा संप झाला. बिहार व गुजरात पेटले होते. निवडून आलेल्या विधानसभा आंदोलनाच्या जोरावर बरखास्त करा अशी मागणी होती. जयप्रकाशांनी पोलीस व लष्कर यांना बेकायदा हुकूम पाळू नका असे सांगितले. लोकशाहीत निषेधाचा हक्क आहे, पण राज्य बंद पाडण्याचा नाही. तेव्हा लगाम खेचणे भाग होते. लगाम खेचताच संप थांबले, महाविद्यालये भरू लागली, गाड्या वेळेवर धावल्या, सामान्य माणसाने सुटकेचा निःश्वास टाकला. वृत्तपत्रांवरची बंधने त्यांनाही रुचली नव्हती, आणि पुढे अधिकाराचा दुरुपयोग झाला हेही ते मान्य करीत.

यातले पुष्कळसे खरे आहे. 1974-75 ची अस्वस्थता मी इंदुरात पाहिली आहे. आरंभी लोकांना बरे वाटले हेही खरे. मला स्वतःला वाटले होते. वेठबिगारी नाहीशी करणारा कायदा त्याच काळातला, तोही जमेस धरला पाहिजे. दुकानांवर माल व भावाच्या पाट्या लागल्या होत्या, साठेबाज धास्तावले होते. सियागंजात जन्म घालवलेल्या कोणासही हे आठवेल.

पण सियागंजच मला एक गोष्ट शिकवतो. तेथे कोणी वहीची जमेची बाजू तेवढी वाचून दाखवली आणि नावेच्या बाजूवर हात ठेवला, तर समोरचा व्यापारी हात जोडून उठतो. त्या वहीवर व्यवहार होत नाही. एकाधिकारशाहीच्या प्रत्येक बचावात नेमका हा हात ठेवलेला असतो. आणि हात कोणाच्या तरी तोंडावर ठेवलेला असतो, म्हणून नावेची रक्कम वाचणारे कोणी उरत नाही.

भावांचेच घ्या. भाव उतरले, ही आणीबाणीच्या बचावातली पहिली रक्कम. परंतु महागाईचा चढ सप्टेंबर 1974 पासूनच ओसरू लागला होता. सक्तीच्या बचतीसारखे उपाय त्याच वर्षी योजले होते. शिवाय 1975 चा पावसाळा उत्तम झाला आणि पीक भरघोस आले. पावसाचे श्रेय हुकमाच्या खाती जमा झाले. एरवी एखाद्या पत्रकाराने हे दुसऱ्या दिवशी छापले असते. तेव्हा छापण्यापूर्वी मजकूर अधिकाऱ्यास दाखवावा लागे. इंदूरच्या 'नईदुनिया'ने, राहुल बारपुते आणि राजेंद्र माथुर तेथे असताना, अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. ती कोरी जागा वाचणारे पुष्कळ होते. पण कोऱ्या जागेत भाव किती आणि पाऊस किती, हे सांगता येत नाही.

याचा अर्थ लक्षात घ्यावा. आणीबाणीत सर्व ठीक होते याचा पुरावा अशा काळातला आहे, की ज्या काळात ठीक नाही असे म्हणण्यास बंदी होती. साक्षीदार एकाच पक्षाचे, उलटतपासणी नाही, आणि निकाल 'शिस्त होती'. खुशवंतसिंगांसारख्या चतुर माणसाच्या ही गोष्ट ध्यानात आली नसेल असे नाही. पण ज्याला स्वतःचे साप्ताहिक आहे, ज्याचे घर सुरक्षित आहे, ज्याच्या ओळखी वरपर्यंत आहेत, त्यास कोरी जागा दिसते आणि टोचत नाही.

आता नावेची बाजू. शाह आयोगाने पुढे जी मोजदाद केली तीत 'मिसा' आणि भारत संरक्षण नियम मिळून एक लाखाहून अधिक माणसे तुरुंगात टाकल्याची नोंद आहे. एकट्या 1976-77 या वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांपैकी किती राजीखुशीच्या, हे गावोगावच्या शिक्षकांस विचारावे. आकडा पुरा करण्याचे काम त्यांच्याही गळ्यात होते. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे आणि जयपूरच्या गायत्रीदेवी तिहारमध्ये होत्या. राजमातेची ही गत, तर गल्लीतल्या माणसाची काय असेल! मुंबईच्या मृणाल गोरे तुरुंगात गेल्या. डिसेंबर 1975 मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी, मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना, आजारी जयप्रकाशांसाठी सभेला प्रार्थनेस उभे केले; पुढे त्यांनाही अटक झाली. आणि हुकमाची लहर केवढी असते ते आपल्या इंदुरास ठाऊक असावे. येथल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेल्या किशोरकुमारने सरकारी कार्यक्रमात गाण्यास नकार दिला, तर 1976 साली आकाशवाणीवरून त्याची गाणीच बंद झाली. ज्या राज्यास एका गवयाचा नकार सोसत नाही, त्याची शिस्त कसली?

यावर आणीबाणीचे वकील म्हणतात, की हे सर्व घटनेच्या चौकटीत झाले, म्हणून त्यास एकाधिकारशाही म्हणू नये. 352 वे कलम घटनेत होते हे खरे. पण चौकट कोठवर ताणली गेली ते पाहावे. लोकसभेची मुदत वाढवली गेली. आणि आपल्याच मध्य प्रदेशातून निघालेला जबलपूरचा खटला 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयात निकालास लागला. मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाने स्थानबद्धांचा दाद मागण्याचा हक्क मान्य केला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी तो नाकारला. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी सरकारच्या वकिलास विचारले, की उद्या एखाद्या अधिकाऱ्याने कोणाचा जीव घेतला तर त्यासही दाद नाही काय? आणीबाणी आहे तोवर नाही, असे उत्तर आले. खन्नांनी एकट्याने वेगळा निकाल दिला आणि त्यापायी सरन्यायाधीशपद गमावले. बहुमतात आपल्या महाराष्ट्राचे न्या. यशवंत चंद्रचूड होते. ऑगस्ट 2017 मध्ये त्यांचेच चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी खाजगीपणाच्या खटल्यात तो निकाल सदोष ठरवून रद्द केला. वडिलांच्या हातची चुकीची रक्कम मुलाने लाल शाईने दुरुस्त केली. ज्या घरात हे होते त्या घराची वही विश्वासास पात्र राहते. आपल्या घरांत आपण हे करतो काय?

हा प्रश्न मी स्वतःस विचारला आहे, आणि उत्तर सुखाचे नाही.

1975 साली मी सरकारी शाळेत नवा लागलेला शिक्षक होतो. आम्ही राहत होतो त्या वाड्यात खालच्या दोन खोल्यांत एक बिऱ्हाड होते. काका सियागंजात मुनीम होते. याच दुकानात, जेथे आम्ही आजही जातो. एका विरोधी पक्षाच्या सभेस सतरंज्या अंथरणे आणि सभा संपल्यावर त्या मोजून परत नेणे, एवढाच त्यांचा राजकारणाशी संबंध. जुलै महिन्यात एका पहाटे पोलीस त्यांना घेऊन गेले. कोणत्या कलमाखाली, किती दिवसांसाठी, कशासाठी, याचा पत्ता नाही. चार दिवसांनी काकू वर आल्या. म्हणाल्या, "मास्तर, तुमचे इंग्रजी चांगले. कलेक्टरसाहेबांना एक अर्ज लिहून द्या. काकांना दम्याचा त्रास आहे, औषध तरी पोचू द्या, एवढेच लिहा."

मी म्हणालो, शाळेचे तपासणीचे काम आहे, दोन दिवसांनी पाहू. दोन दिवसांनी त्या आल्या नाहीत. त्या येणार नाहीत हे मला ठाऊक होते, आणि त्या येऊ नयेत असे वाटत होते, हेही आज लिहून टाकतो. अक्षर माझे आहे असे कोणी ओळखले तर? नोकरी नवी होती. त्यानंतर जिन्याने उतरताना मी त्या दोन खोल्यांकडे पाहत नसे. आणि त्याच महिन्यात शिक्षकांच्या खोलीत मी मोठ्याने म्हणालो होतो, की काही म्हणा, आजकाल गाड्या वेळेवर येतात.

तेव्हा खुशवंतसिंगांचा न्याय करावयास मी कोण? त्यांनी आपले मत नावानिशी छापले, आणि आयुष्यभर त्याची टीका सोसली. मी माझे मत कोठेही छापले नाही. मी फक्त एक अर्ज लिहिला नाही. लेखणी चालवून केलेली चूक उघड्यावर असते, तिच्यावर बोट ठेवता येते. लेखणी न उचलून केलेल्या चुका घरोघरच्या जिन्यांवर पडून असतात. एकाधिकारशाही पहिल्या प्रकारावर मिरवते. ती टिकते मात्र दुसऱ्या प्रकारावर.

आणि याच वेळी सियागंजात काय चालले होते, ते मला पुष्कळ वर्षांनी कळले. या खेपेस पुन्हा दुकानी जाऊन मी वडीलधाऱ्या शेठजींस, म्हणजे त्या तरुणाच्या आजोबांस, जुनी वही दाखवण्याची विनंती केली. आता ते पंच्याहत्तरीपुढचे आहेत. तेव्हा त्यांचे वडील गादीवर होते. त्या दिवसांत व्यापाऱ्यांची छाती धडधडत असे. साठेबाजीचे निमित्त करून केव्हा उचलतील याचा नेम नव्हता. भावाच्या पाटीत एक आकडा पुसट झाला तरी घाम फुटे. अशा वेळी 'मिसा'त गेलेल्या मुनिमाचे नाव तोंडी घेणेही जोखमीचे. पण वहीत दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मुनीमजींच्या नावे पगार पडलेला आहे. एकोणीस महिने. मदत, दान, धर्मादाय असा शब्द कोठेही नाही, नुसते 'पगार'. जणू ते रोज दहा वाजता येऊन गादीशेजारी बसत होते. पैसे घेऊन दुकानचा हम्माल संध्याकाळी काकूंकडे जाई, आणि पोत्यातून आणलेले थोडे गहू-डाळही ठेवून येई. इंग्रजी येणारा मास्तर वरच्या मजल्यावर होता.

शेठजींस मी विचारले, तुमच्या वडिलांना भीती नाही वाटली? ते म्हणाले, "वाटली ना. पण नोकर कामावर नाही आला तर का नाही आला, हे मालकाने ठरवायचे असते. सरकारने नाही." राज्यशास्त्राचे ग्रंथ मी थोडेफार वाचले आहेत, याहून स्वच्छ वाक्य मला त्यांत क्वचितच सापडले.

काका फेब्रुवारी 1977 मध्ये सुटले. अर्जाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. एकदा ओट्यावर गाड्यांची गोष्ट निघाली, तेव्हा एवढेच म्हणाले, "होत्या म्हणे वेळेवर. आमची मात्र सुटायला एकोणीस महिने लागले." सर्व हसले. मीही हसलो.

आता थोडे आपल्या सर्वांविषयी. आपण, म्हणजे इंदूरची जुनी मराठी घरे, एका वेगळ्या वहीच्या बाबतीतही नावेवर हात ठेवतो. होळकरांचे राज्य कसे होते, हे आपल्या बैठकीत कोण सांगत नाही? पॅट्रिक गेडिस यांना बोलावून शहराची आखणी करून घेतली, क्रिकेटच्या संघाने चार वेळा रणजी करंडक आणला, मराठीस दरबारात मान होता. सर्व खरे, आणि अभिमानाचे. पण त्याच राज्याचे अधिपती तुकोजीराव यांना 1925 सालच्या मुंबईतील बावला खून प्रकरणापायी 1926 साली गादी सोडावी लागली, हा भाग सांगताना आवाज खाली जातो. आणि राजाची मर्जी हाच शेवटचा कायदा, ही स्थिती चांगल्या राजाच्या काळात गोड लागते, एवढेच. राजा बदलला की चव बदलते, आणि प्रजेच्या हाती ताट परत करण्याची सोय नसते. गोव्यातील काही घरांतही पोर्तुगीज अमदानीत स्वस्ताई कशी होती याच्या गोष्टी निघतात. खुद्द पोर्तुगालात 2007 साली दूरदर्शनच्या एका मतदानात थोर पोर्तुगीज म्हणून सालाझारच पहिला आला. त्याच सालाझारच्या शिपायांच्या गोळीने 15 ऑगस्ट 1955 रोजी आपल्या शेजारच्या उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ गोव्याच्या सत्याग्रहात पडले. स्वस्ताईच्या गोष्टींत त्यांचे नाव येत नाही.

याउलट एका राजाचे स्मरण करतो. 1935 साली इंदुरास मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी होते. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांनी त्यांना पाहिले असेल. तीन-चार वर्षांनी, जानेवारी 1939 मध्ये, या राजाने आपल्या संस्थानात प्रजेस राज्यघटना दिली आणि सत्ता पंचायतींच्या हाती सोपवली. ते चित्रकलेचे आणि सूर्यनमस्काराचे भोक्ते. शिस्तीचे महत्त्व त्यांना कोणी शिकवावयास नको होते. पण स्वतःस लावलेली शिस्त आणि दुसऱ्यास लावलेली शिस्त यांतला फरक त्यांस कळत होता. ज्याच्या हाती अधिकार होता त्याने तो सोडला. आणि ज्यांच्या हाती केवळ लेखणी होती ते दुसऱ्याच्या अधिकाराचे समर्थन करीत राहिले. विचार करावा असा हा विरोध आहे.

मग खुशवंतसिंगांसारख्यांचे तोंड बंद करावयास हवे होते काय? मुळीच नाही. त्यांना पस्तीस वर्षे लिहू दिले, हाच त्यांच्या मताचा सर्वांत सभ्य पराभव. आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत आणीबाणीविरुद्ध एक ओळ छापण्याची सोय नव्हती. आणीबाणी गेल्यावर तिच्या बाजूने पुस्तक छापण्याची सोय होती. यांतले कोणते राज्य अधिक भक्कम, हे वेगळे सांगावयास नको. म्हणून 2024 पासून 25 जून हा दिवस 'संविधान हत्या दिवस' म्हणून पाळण्याचे सरकारने जाहीर केले, त्याविषयी माझे मागणे एवढेच आहे, की तो दिवस एका पक्षाच्या जमेचा आणि दुसऱ्याच्या नावेचा होऊ नये. त्या दिवशी प्रत्येकाने आपली वही उघडावी. आज माझ्या आवडत्या सरकारने कोणास विनाचौकशी कोंडले, तर मी काय म्हणेन? 'काही म्हणा' या दोन शब्दांनी माझे वाक्य सुरू होईल काय? तसे होणार असेल, तर मी 1975 पासून काही शिकलो नाही.

आणि त्या तरुणास उत्तर. बाळ, गाड्या वेळेवर होत्या असे मीही म्हणत होतो. घड्याळ लावून त्या पाहिल्या कोणीच नव्हत्या. भाव उतरले होते. त्यांतला बराचसा पाऊस होता. शिस्त होती, तिला भीती म्हणत. माणसे गप्प होती, आणि मी त्यांच्यातला एक होतो. तुझे पणजोबा मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेस एक ओळ लिहीत होते. ती वही तुझ्या मागच्या फडताळात आहे. पुन्हा कोणी तुला म्हणाले की तेव्हा फार छान होते, तर वाद घालू नकोस. वही काढ, पान उघड, आणि त्यांस म्हण, ही रक्कमही वाचा.